‘टीचर, कुणाला सांगणार नाही ना?’

तुझ्या आठवीच्या वर्गातल्या मुलीनं विचारलं, ‘टीचर, कुणाला सांगणार नाही ना?’ आणि तू लगेच ‘नाही गं सांगणार’ म्हणून मोकळी झालीस. तुझ्या जागी बहुतेक जणींनी हेच केलं असतं. रडवेलं पोर समोर उभं असलं की तोंडून दुसरं काही निघतच नाही. पण तू यंदाच वर्गशिक्षिका झाली आहेस आणि ही वेळ तुझ्यावर पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून थोरलेपणानं सांगते: गुपित राखायचं वचन मुलांना द्यायचं नाही. कितीही जीव तुटला तरी नाही.

मग म्हणायचं काय? मी असं म्हणते: ‘मला सांगितलंस हे फार चांगलं केलंस. हे मी वर्गात बोलणार नाही, स्टाफरूममध्ये चघळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा तुला कुणी त्रास देतंय असं वाटलं, तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ एवढं ऐकून काही मुलं गप्प होतात. होऊ देत. चार-आठ दिवसांनी वही दाखवायच्या निमित्तानं परत येतात, कारण आपण खोटं बोललो नाही हे त्यांना कळलेलं असतं. आणि स्टाफरूमचं मात्र अगदी काटेकोर पाळ. डबा खाता खाता एखादीच्या घरची गोष्ट निघाली की मधल्या सुट्टीत ती सगळ्या मजल्यांवर पोचते.

कायद्याचंही बघ. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापक ‘शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ म्हणाले तरी तुझी जबाबदारी सुटत नाही. पोलीस ठाण्याच्या नावानं पोटात गोळा येतो, ठाऊक आहे मला. पण हैदराबादेत 2016 पासून भरोसा केंद्र आहे. मुलाचा जबाब, वैद्यकीय मदत, समुपदेशन तिथं एकाच ठिकाणी होतं. 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहेच. तपास आपण करायचा नाही. ‘नक्की काय झालं, परत सांग’ असं खोदून विचारायचं नाही. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेव.

तुझ्या या विद्यार्थिनीचं तसं नाही, तिला स्लिप टेस्टची, म्हणजे रोजच्या छोट्या चाचण्यांची धास्ती आहे, असं तू म्हणतेस. ती धास्ती हलकी समजू नकोस. आपल्या या शहरात सहावीपासून आयआयटीच्या तयारीचं ‘फाउंडेशन’ सुरू होतं, आणि रोजच्या स्लिप टेस्टचे मार्क संध्याकाळपर्यंत आईच्या मोबाइलवर पोचतात. पोराला घरी जाऊन सांगायलासुद्धा काही उरत नाही. त्या टेस्टच्या कागदाची बारीक घडी कंपासपेटीच्या तळाशी, कोनमापकाखाली दडवलेली पाहिली आहेस कधी? बघशील. अशा वेळी ‘मार्क म्हणजे सगळं नाही’ हे वाक्य बोलू नकोस. तिच्या आसपासचे सगळे उलटच वागत असतात, त्यामुळे ते तिला खरं वाटत नाही. ‘घरी काय म्हणतील असं वाटतंय?’ एवढंच विचार आणि थांब.

‘मी नसलेलीच बरी’ असं काही ती बोलली, तर सरळ विचार: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी न घाबरता विचारलं याचा मुलांना आधार वाटतो. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस, आणि त्याच दिवशी घरच्यांना बोलावून, मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

2019 चा तेलंगणातल्या इंटरचा, म्हणजे अकरावी-बारावीचा निकाल आठवतो ना? तीन लाखांवर मुलं नापास दाखवली गेली, निकालात घोळ निघाले, आणि त्या दिवसांत आपण कितीतरी मुलं गमावली. सरकारनं सगळ्या नापासांच्या पेपरांची मोफत फेरतपासणी करायला लावली. तेलुगूत शून्य मिळालेल्या एका मुलीचे मार्क 99 निघाले. मला त्या निकालाचा अजून राग येतो. दहावी-इंटरच्या मुलांना निकालाच्या आधीच हे सांगत जा, की कागदावरचा आकडा चुकू शकतो, तो पुन्हा तपासून घेता येतो, आणि निकालाच्या संध्याकाळी माझा फोन चालू असेल.

घरच्यांचा भाग अवघड. ‘समुपदेशक’ म्हटलं की आई ताडकन म्हणते, ‘म्हणजे आमच्या पोरीला एर्रागड्ड्याला न्यायचं का?’ मनोरुग्णालय तिथं असल्यानं त्या भागाचं नावच शिवीसारखं वापरतात इथं. वाद घालू नकोस. मुलगी नीट झोपत नाही, डबा तसाच परत नेते, मैत्रिणींपासून बाजूला बसते, असं जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच सांग. आईशी मराठीत बोल. इंग्रजीत बोललीस की ती पेरेंट-टीचर मीटिंगसारखी सावरून बसते.

शाळेत समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात म्हणालीस. मग हे मुख्याध्यापकांपुढे ठेव: विशाखापट्टणमात कोचिंग घेणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी निर्देश दिले. ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करायचा नाही, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तरी प्रशिक्षण द्यायचं. स्लिप टेस्टचे मार्क मोठ्यानं वाचून दाखवायची तुमच्याकडची पद्धत आधी बंद करायला लाव. त्याला एक पैसाही लागत नाही.

आता उद्याचं. शेवटच्या तासानंतर तिला थांबव आणि सांग, ‘काल मी जे बोलले त्यात थोडा बदल करायचा आहे.’ मग कुणाला सांगावं लागेल याबद्दलचं माझं वरचं बोलणं तुझ्या शब्दांत सांग. ती रुसेल, कदाचित रडेलही. तरी बोल. नंतर समुपदेशकबाईंना फोन लाव, आणि तिच्या पहिल्या भेटीला जमलं तर स्वतः सोबत जा. त्यानंतर ‘पाठवली एकदाची’ म्हणून हात झटकू नकोस. दर आठवड्याला तिची विचारपूस तूच करायची. काय झालं ते रात्री मला कळव. नाव सांगू नकोस तिचं, मला त्याची गरज नाही.