समुद्रावरची ज्योत

जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यात नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण व सोपारा या बंदरांतील माल याच वाटेने देशावर चढत असे. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तेथे उभा आहे. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा याच खिंडीतून घोंघावत वर येतो. मालाला थांबवून जकात घेता येई. वाऱ्याला कोण थांबवणार?

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-मंचावरून तेथे विहीर खोदली असता तेल लागले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

तेलाबरोबर वायूही वर येतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच बुडबुडे उसळतात, त्याचप्रमाणे दाब कमी होताच तेलात विरघळलेला वायू सुटा होतो. तेल जहाजात भरून नेता येते. वायूला मात्र नळ हवेत आणि तो वापरणारे कारखानेही हवेत. ती सोय पुरेशी नव्हती, तोवर पुष्कळसा वायू उंच नळाच्या तोंडाशी जाळून टाकावा लागे. तसाच सोडला तर स्फोटाचे भय. शिवाय त्यातील मिथेन हा कार्बन डायॉक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी पृथ्वीची उष्णता वाढवणारा.

परंतु जाळणे म्हणजे निर्दोष उपाय नव्हे. कंदिलाची वात नीट जळेनाशी झाली की काच काळी होते. तसेच येथेही घडते. ज्वलन अपुरे झाले की काजळी व विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात आणि थोडा मिथेनही न जळता निसटतो. ज्वलन पूर्ण झाले तरी कार्बन डायॉक्साइड हवेत मिसळतोच. नाणेघाटात उभे राहिल्यास ती ज्योत दिसत नाही. पण हवेला शीव नसते.

पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आले. उरणला या वायूवर वीज निर्माण होऊ लागली, त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जाऊ लागला आणि अलिबागजवळ थळ येथे त्यापासून युरिया होऊ लागला. जो वायू एरवी धूर होऊन हवेत गेला असता, तोच चुलीला ज्योत व पिकाला खत झाला!

संकटसमयी दाब कमी करण्यासाठी ही ज्योत लागतेच. मात्र नित्याची जाळपोळ टाळता येते. २०३० पर्यंत ती जगभर थांबावी, यासाठी जागतिक बँकेने २०१५ मध्ये उपक्रम आरंभिला. जे वाया जाते तेच पुष्कळदा हवा नासवते, हे ओळखणे हीच शहाणपणाची पहिली पायरी होय.

स्वाध्याय
१. तेलाबरोबर येणारा वायू का जाळावा लागे?
२. ‘हवेला शीव नसते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावात काय काय जाळले जाते? त्यांपैकी कशाचा उपयोग करता येईल, ते लिहा.