मदत कशी करावी? संत पौलाकडून तीन धडे



कुठे पूर आला, भूकंप झाला की चर्चमध्ये मदतीचे आवाहन होते आणि आपण यथाशक्ती देतो. पण द्यावे कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. पवित्र शास्त्रात संत पौल आपल्याला हेच शिकवतो.

क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला. तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत गोळा करून बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियातील बांधवांना पाठवली (प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०). हाच शौल म्हणजे पौल. पुढे यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने अनेक ख्रिस्तसभांकडून वर्गणी जमवली. त्याने घालून दिलेली रीत २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या संदर्भात आपण पाहू या.

तो पवित्र कुटुंबाच्या सणाचा रविवार होता. तामिळनाडूत सर्वाधिक हानी नागपट्टिणम जिल्ह्यात झाली. तेथे ६,००० हून अधिक लोक मरण पावले. आपल्यातील अनेकजण ज्या वेलंकनी मातेच्या यात्रेला जातात ते तीर्थस्थान याच जिल्ह्यात आहे. तेथील किनाऱ्यावर असलेले कितीतरी भाविकही लाटांनी ओढून नेले.

१) नियमित द्यावे. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे बाजूला ठेवावे, असे पौल सांगतो (१ करिंथ १६:२). करिंथकरांनी उत्साहाने सुरुवात केली, पण वर्ष उलटले तरी काम अपुरेच होते. पौलाला आठवण करून द्यावी लागली (२ करिंथ ८:१०-११). नागपट्टिणमला पहिल्या काही आठवड्यांत मदतीची रीघ लागली. पण शेतात शिरलेले खारे पाणी आणि वाहून गेलेली घरे हे प्रश्न महिन्याभरात सुटणारे नव्हते. बातम्या थांबल्या तरी गरज थांबत नाही.

२) घेणाऱ्याचा मान राखावा. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची विपुलता तुमची, असे पौल समजावतो (२ करिंथ ८:१३-१४). म्हणजे घेणारा आपल्या बरोबरीचा आहे. त्सुनामीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग नागपट्टिणमच्या रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. त्यात त्या उष्ण प्रदेशात निरुपयोगी असे गरम कपडेही होते. कालपर्यंत स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या कोळी कुटुंबांना कुणाचे टाकलेले कपडे नको होते. जे आपण स्वतः वापरणार नाही, ते दान कसे म्हणावे?

३) हिशेब चोख ठेवावा. पौलाने पैसा एकट्याच्या हाती ठेवला नाही. तीताबरोबर ख्रिस्तसभांनी निवडलेला बंधू पाठवला, कारण कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये (२ करिंथ ८:१८-२१). म्हणून आपला निधी धर्मप्रांतामार्फत किंवा १९६२ साली स्थापन झालेल्या कॅरिटास इंडियासारख्या संस्थेमार्फत द्यावा, पावती घ्यावी, आणि पैसा कुठे खर्च झाला हे विचारावे. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी विचार करू या:
– मागच्या आपत्तीत आपण जे दिले, ते संकटग्रस्तांच्या गरजेचे होते की आपल्या अडगळीतले?
– सहा महिन्यांनी आपण त्यांची चौकशी केली का?

घरात एक छोटा डबा ठेवू या आणि दर रविवारी मुलांच्या हातून त्यात काही टाकू या. मग पुढच्या संकटाची बातमी येईल तेव्हा आपले हात रिकामे नसतील.