भाडं सामानाचं, जोखीम आपली

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींची दुरुस्ती हेच माझं काम. परांचीचे पाइप, टेकूचे जॅक, ब्रेकर, मिक्सर हे सगळं आमच्यासारखे छोटे कंत्राटदार भाड्यानेच आणतात. विकत घेतलं तरी या भागात ठेवणार कुठे?

१. ताज्या रंगाला भुलू नये. रेड ऑक्साइडचा नवा हात मारलेला पाइप दिसतो छान, पण रंगाखाली लोखंड आहे की गंज, ते कळत नाही. म्हणून टेम्पोतून माल उतरतानाच मी पाइप हातोडीने वाजवून घेतो. धड पाइप खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. मग तोंडाशी बोट फिरवून जाडी बघायची, मध्येच कुठे वेल्डिंगचा जोड आहे का ते बघायचं. कपलरचा नट पिळायचा. आटे झिजलेले असले की तो आवळत येतो आणि एकदम सुटा फिरतो. असा कपलर तिसऱ्या मजल्यावर चढला तर त्यावर उभ्या माणसाचं काय? ‘एवढं कोण बघतं?’ असं भाडेवाले म्हणतात. मी बघतो.

२. चाळीत माणसं राहत असतात, हे भाड्याच्या चलनावर कुठेच लिहिलेलं नसतं. नव्या बांधकामाला पत्रे ठोकून रस्ता बंद करता येतो. इथे परांचीखालून पोरं शाळेत जातात, गॅलरीतून हात लांबवून कुणी पाइपावर टॉवेल वाळत घालतं. अशात भाड्याचा ब्रेकर येतो तो अर्थिंगची वायर कापलेला, प्लग गायब, उघडी टोकं काडेपेटीच्या काडीने सॉकेटात खोचायची. बाजूला पावसाने भिजलेली लोखंडी परांची. असा ब्रेकर मी परत पाठवतो, त्या दिवसाचं काम बुडालं तरी.

३. भाडं दिवसावर चालतं आणि जीव धोक्यात येतो तो त्या हिशेबामुळे. लालबाग-परळात गणपतीत टेम्पो गल्लीत शिरत नाही, बांबूवाले मंडपांत अडकलेले, काम ठप्प. भाडं मात्र चालूच. मग ते वाचवायला स्लॅबखालचे टेकू लवकर काढायचा मोह होतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस टेकू ठेवा, असं काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं. सणाचे दिवस दरातच धरावेत. रहिवासी कुरकुरतात, पण समजावलं की ऐकतात.

४. मालक कोण, हे अपघातानंतर कामाला येत नाही. यंत्रासोबत आलेला ऑपरेटर भाडेवाल्याचा असला तरी भरपाईसाठी मुख्य कंत्राटदाराला धरता येतं. हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासूनचं. वरळीत जुलै २०२१ मध्ये बांधकामाची लिफ्ट कोसळून मजूर गेले. तेव्हापासून उचलयंत्राचा तपासणी दाखला हातात आल्याशिवाय मी माणूस वर चढवत नाही.

५. विम्यात भाड्याचं यंत्र आपोआप धरलेलं असेलच असं नाही. पॉलिसीत ते नोंदवून घ्यावं.

तुमच्या चाळीला परांची लागली असेल, तर कंत्राटदाराकडे यंत्राचा दाखला आणि विम्याचा कागद मागा. तो तुमचा हक्क आहे; खाली तुमचीच मुलं खेळतात.