जुन्या हार्ड डिस्कची तपासणी

सकाळी आपण संस्थेत दूध घालतो. लिटर किती, फॅट किती, दर किती, हे सगळे संगणकात जाते. त्याच नोंदींवरून आपले बिल निघते. या नोंदी राहतात कुठे? पडद्यावर नव्हे. त्या राहतात संगणकाच्या पोटात, हार्ड डिस्क नावाच्या पेटीत.

या पेटीत गुळगुळीत तबकड्या असतात. पुष्कळ डिस्कांत त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला १२०! ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा त्यांच्यावर फिरतो. पण ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हा टेकत नाही. मधली फट केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तिथे धुळीचा एक कण पुरे. म्हणून ही पेटी घरी उघडायची नाही, बरं का! (नव्या संगणकांत पुष्कळदा न फिरणारी डिस्क असते. तिचा आवाज येत नाही.)

जुनी डिस्क बिघडू लागली की संगणक अडखळतो. फाईल उघडत नाही. कधी आतून टक् टक् आवाज येतो. असा आवाज आला तर संगणक लगेच बंद करावा आणि जाणकाराला दाखवावा.

आवाज नसेल तर डिस्क तपासावी. पण आधी काय? आधी नक्कल! सगळ्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. लोक नेमके उलटे करतात. पूर्ण तपासणीत डिस्कला कानाकोपरा वाचावा लागतो. दमेकऱ्याला डोंगर चढायला लावावे, तसेच ते. मध्येच डिस्क बंद पडली, तर नोंदी गेल्या. विंडोजमधली 'चेक डिस्क' दुरुस्तीला लावली की तासन् तास चालते. नक्कल हाती नसताना ती लावूच नये, असे आम्हांला वाटते.

डिस्क आपल्या तब्येतीची वही स्वतःच ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट मिळणारा प्रोग्राम ती वही दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, तांबडा म्हणजे वाईट. त्यात दोन आकडे बघावेत. खराब म्हणून बदललेल्या जागा किती? वाचता येईनात म्हणून संशयात ठेवलेल्या जागा किती? शून्य असेल तर बरे. आकडा असेल तर कागदावर टिपून ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. वाढला असेल तर नवी डिस्क आणायला लागा.

निळ्या रंगावरही विसंबू नये. २००७ साली गूगलच्या तज्ज्ञांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापला. बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या वहीत मुख्य चार खुणांपैकी एकही नव्हती!

तेव्हा संस्थेच्या सभेत सचिवांना विचारा, "साहेब, नक्कल कुठे ठेवलीय? उघडून पाहिली का?" ती त्याच टेबलाच्या खणात नको, दुसऱ्या जागी हवी. आणि नक्कल कोणत्या तारखेची आहे, ते पडद्यावर स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते.