पाण्याच्या तीन अवस्था आणि लपलेली उष्णता

आमचा विषय इतिहास; परंतु निवासी शाळेत शिक्षकाला एकाच विषयाचे होऊन राहता येत नाही. सायंकाळच्या अभ्यासिकेत एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, पाणी उकळू लागले की तापमापक १०० अंशांवरच थांबतो. खाली जाळ तर चालूच असतो. मग ती उष्णता जाते कोठे?"

स्थायू, द्रव आणि वायू यांतील भेद कळला की या प्रश्नाचे उत्तर मिळते. बर्फ, पाणी आणि वाफ हा एकच पदार्थ आहे. तिन्हींचे रेणू सारखेच. भेद आहे तो रेणूंच्या परस्पर बंधनात. स्थायूत रेणू आपापल्या जागी जखडलेले असून तेथेच कंप पावतात. म्हणून त्याला ठरावीक आकार व आकारमान असते. द्रवात ते एकमेकांजवळ राहूनही जागा बदलतात. म्हणून आकारमान कायम राहते, आकार मात्र भांड्याचा होतो. वायूत ते बहुतांशी मोकळे असतात आणि मिळेल ती सारी जागा व्यापतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची समजूत अशी होती की, द्रवणांकाला पोहोचलेला बर्फ आणखी थोड्याशा उष्णतेने सर्वच्या सर्व वितळतो. ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांना हे पटेना. तसे असते, तर हिवाळा सरताच डोंगरावरील बर्फ एकदम वितळून महापूर आले असते. १७६१ च्या सुमारास त्यांनी दोन सारख्या काचपात्रांपैकी एकात बर्फ व दुसऱ्यात जवळजवळ तितकेच थंड पाणी घेऊन ती एका दालनात ठेवली. पाण्याला फॅरेनहाइट मापाच्या ३३ अंशांवरून ४० अंशांवर यायला अर्धा तास लागला. बर्फाला वितळून त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीसपट वेळ! एवढा काळ दालनातील उष्णता बर्फात शिरत होती. पण बर्फ वितळेपर्यंत ती तापमापकावर दिसत नव्हती. तिलाच आपण अप्रकट उष्मा म्हणतो.

ही उष्णता नाहीशी होत नाही. ती रेणूंची बंधने सैल करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक कॅलरी पुरते. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफेचे पुन्हा पाणी होताना हे सारे कर्ज परत फेडले जाते.

विद्यार्थी मित्रहो, हा हिशेब स्वयंपाकघरातही लक्षात ठेवा. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देते. तितकीच वाफ सुमारे ६०३, म्हणजे साडेनऊपट. भाताच्या मोठ्या पातेल्याचे झाकण काढताना ते आपल्यापासून दूर तिरपे उचलावे, ते याचसाठी. तरीही चटका बसलाच, तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. त्यावर बर्फ वा टूथपेस्ट लावू नये.

त्या मुलीचा प्रश्न ब्लॅक यांच्याच जातकुळीचा होता. सर्वांनी मानलेले मतही मोजून पाहावे, हा या धड्याचा गाभा आहे. इतिहासाच्या तासालाही आम्ही हेच सांगत असतो.