फंक्शनची तात्पुरती बदली

पायथॉनमध्ये लिहिलेल्या एका देयक-प्रणालीच्या चाचण्यांची देखरेख माझ्याकडे होती, त्या काळातील एक प्रकरण या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना सांगणे मला अगत्याचे वाटते. ग्राहकाला ईमेल धाडणारे 'सेंड' हे फंक्शन चाचणीपुरते बाजूला सारून त्याच्या जागी काहीही न करणारा तोतया बसवावा, अशी तजवीज त्या चाचण्यांत रीतसर केलेली होती. रकमा बरोबर येत होत्या, चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, आणि तरीही चाचणीतील खोटी देयके खऱ्या ग्राहकांच्या हाती पडली.

'बिलिंग' मॉड्यूलच्या आरंभीच 'फ्रॉम मेलर इम्पोर्ट सेंड' अशी ओळ होती. ही ओळ अंमलात येताच 'सेंड' हे नाव 'बिलिंग'च्या स्वतःच्या दप्तरी दाखल होते, आणि त्यानंतर ते मॉड्यूल 'मेलर'कडे पुन्हा विचारणा करावयास जात नाही. चाचणीने बदलले होते ते 'मेलर.सेंड', बदलावयास हवे होते ते 'बिलिंग.सेंड'. फंक्शन कोठे लिहिले आहे हे न पाहता, ज्या मॉड्यूलमधून ते कॉल होते तेथे ते कोणत्या नावाने शोधले जाते, हे आधी पाहावे. 'इम्पोर्ट मेलर' लिहून 'मेलर.सेंड' असाच कॉल असेल, तर मात्र मूळ ठिकाणचा बदल पुरतो.

बदललेले फंक्शन पूर्ववत होईल याचीही हमी हवी. नुसत्या असाइनमेंटने तोतया बसविला आणि मध्येच एक्सेप्शन उद्भवले, तर मूळ फंक्शन बहाल करणारी ओळ गाठलीच जात नाही, व पुढील चाचण्या तोतयाच्याच अमलाखाली चालतात. 2012 साली पायथॉन 3.3 बरोबर स्टँडर्ड लायब्ररीत आलेल्या 'युनिटटेस्ट.मॉक'मधील 'पॅच' हे 'विथ'सह वापरले, म्हणजे ब्लॉक कसाही संपो, मूळ फंक्शन आपोआप जागेवर रुजू होते. पायटेस्टचे 'मंकीपॅच' चाचणी संपताच हेच काम करते. 'पॅच'ला 'ऑटोस्पेक=ट्रू' देण्याचा आळस करू नये, कारण एरवी तो बसवितो तो साधा तोतया, म्हणजे मॉक, चुकीची आर्ग्युमेंट्सही मुकाट्याने स्वीकारतो.

वरील चाचण्यांत 'असर्ट_कॉल्ड_वन्स' ही एक तपासणी असती, तर तोतयाला कोणी कॉलच केला नाही हे पहिल्याच खेपेस उघड झाले असते. ती अवश्य लिहा; आणि चाचणीच्या यंत्रावर खऱ्या मेल-सर्व्हरचा पासवर्ड कदापि ठेवू नका.