ट्रॉलीची रंगरंगोटी : आधी गंज काढा, मग रंग लावा

ट्रॅक्टरची आपण जेवढी निगा राखतो, तेवढी ट्रॉलीची राखत नाही. खुलताबाद परिसरात आले काढणीच्या वेळी ओल्या मातीसकट कंद ट्रॉलीत भरले जातात. त्याच ट्रॉलीतून शेणखत आणि रासायनिक खतांची पोतीही येतात. सांडलेले खत व चिकट काळी माती हौद्याच्या कोपऱ्यात साठून ओल धरून ठेवते. ओलावा आणि हवा मिळाली की लोखंड गंजते. त्यात पोटॅशसारख्या खतातील क्षार मिसळले की गंज अधिक वेगाने वाढतो.

पुष्कळदा दसरा जवळ आला की गंजावरच एनामेलचा हात फिरवला जातो. ट्रॉली चार महिने चकचकीत दिसते, पण पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटतात आणि खाली पत्रा चाळणी झालेला आढळतो. रंग किती टिकेल हे डब्याच्या किमतीपेक्षा पूर्वतयारीवर जास्त अवलंबून असते.

योग्य वेळ

काढणीची गर्दी ओसरल्यावर, पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नये. वरची साय लवकर धरते, आतील द्रावक अडकते आणि फोड येतात. सकाळी दव वाळल्यावर किंवा ऊन उतरल्यावर, वारा व धूळ नसताना रंग द्यावा.

धुणे व तपासणी

१) हौदा रिकामा करून कोपऱ्यांतील माती खरवडावी. ग्रीसचे डाग रॉकेलच्या फडक्याने पुसावेत. नंतर संपूर्ण ट्रॉली धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने व शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावी. तेल किंवा खताचा अंश राहिल्यास रंग धरत नाही.

२) ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. उचलणारी ट्रॉली असल्यास हौद्याला मजबूत टेकू दिल्याशिवाय खाली मुळीच जाऊ नये. केवळ हायड्रॉलिकच्या किंवा जॅकच्या भरवशावर राहणे जिवावर बेतू शकते.

३) तळाचा पत्रा लहान हातोडीने ठोकून पाहावा. जेथे आवाज बद्द येतो किंवा पत्रा दबतो, तेथे तो कुजलेला असतो. असे ठिगळाचे वेल्डिंग रंगापूर्वीच करून घ्यावे. वेल्डिंगच्या जागेवरील जुना रंग आधी काढावा, कारण त्याचा धूर अपायकारक असतो.

गंज काढणे

सुटे पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडावेत. गंज तारेच्या ब्रशने व नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासावा. घट्ट बसलेला जुना रंग पूर्ण काढण्याची गरज नाही. तो पाण्याने भिजवून वॉटर पेपरने खरबरीत करावा, म्हणजे धूळ उडत नाही. लगेच कोरड्या फडक्याने पुसावे.

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. जनावरे रंगाचे पोपडे चाटतात आणि त्यांना विषबाधा होते. म्हणून हे काम गोठ्यापासून व मुलांपासून दूर, खाली जुनी ताडपत्री अंथरून करावे. तोंडाला मास्क बांधावा. खरवडलेला रंग उकिरड्यात टाकू नये व जाळू नये.

प्रायमर व रंग

घासलेल्या लोखंडावर त्याच दिवशी प्रायमर लावावा. रात्रभर उघडे राहिल्यास पुन्हा गंज धरतो. लोखंडासाठी रेड ऑक्साईड झिंक फॉस्फेट प्रायमर योग्य. आधी कडा, वेल्डिंगचे सांधे व बोल्टची डोकी लहान ब्रशने भरून घ्यावीत, कारण गंजाची सुरुवात तेथूनच होते. मग सर्वत्र दोन पातळ हात द्यावेत. त्यावर सिंथेटिक एनामेलचे दोन हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. पातळ करण्यासाठी पेट्रोल वापरू नये.

१० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच हौद्याचे आतून-बाहेरून क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस फूट, म्हणजे २३ चौरस मीटर होते. चेसी, दांडा व चाके धरून ३० चौरस मीटर समजावे. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर होतात. म्हणजे प्रत्येक हाताला ३ लिटर, एकूण प्रायमर ६ लिटर व एनामेल ६ लिटर लागेल.

ॲल्युमिनियमचा पत्रा असल्यास

मालवाहू गाडीच्या हौद्यात किंवा नावेच्या ट्रेलरला ॲल्युमिनियम वापरलेले असते. त्याची रीत वेगळी आहे. धुताना कॉस्टिक सोडा वापरू नये. तो धातू खातो. लोखंडी तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याचे कण रुतून तेथे डाग व खड्डे पडतात. पॉलिश पेपरने घासून लगेच एच प्रायमर द्यावा, तोच या धातूला घट्ट धरतो. शेंदरी शिशाचा प्रायमर येथे चालत नाही. लोखंडी बोल्टखाली रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालावेत, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते.

हे विसरू नका

चेसी नंबर, ग्रीसची निपले, ब्रेकचे भाग, टायर आणि हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा कागद-चिकटपट्टीने झाकावा. रंग वाळल्यावर मागे लाल व पुढे पांढरे परावर्तक लावावेत. रात्री आले घेऊन दौलताबादच्या घाटातून उतरणारी ट्रॉली मागच्या वाहनाला दुरून दिसली पाहिजे.

दगड-मुरूम वाहताना तळाचा रंग खरवडला जाणारच. तेव्हा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तेवढीच जागा घासून प्रायमर व रंग द्यावा, आणि खत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा धुवावा. बादलीभर पाण्याची ही सवय लावून घेतल्यास पत्रा बदलण्याचा खर्च अनेक वर्षे पुढे ढकलता येईल.